खराटा की ब्लोअर? एका महाविद्यालयाच्या आवारातल्या पानगळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे महाविद्यालय. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, बाकी घडलं तसं लिहिलं आहे. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि परिसर समितीचं काम बघतो.

आवार मोठं आणि जुनं आहे. प्रवेशद्वारापासून मुख्य इमारतीपर्यंत दोन्ही बाजूंनी कडुनिंबाची, आमच्याकडच्या भाषेत लिंबाची, जुनी रांग. ग्रंथालयाच्या मागे साग. मुलींच्या वसतिगृहाजवळ देशी बदाम आणि करंज. मैदानाच्या कडेला गुलमोहर. मुख्य रस्ता आणि गाड्या लावायची जागा एवढ्यावरच गट्टू बसवलेले आहेत, बाकी सगळी काळी माती. पुढचं सगळं समजायला ही जमिनीची विभागणी लक्षात ठेवावी लागेल. आम्ही मात्र ती फार उशिरा लक्षात घेतली.

सागाची पानं जानेवारीपासूनच पडायला लागतात. बदाम लाल होऊन गळतो. खरी गर्दी होते ती फेब्रुवारीच्या मध्यापासून, लिंब झडायला लागला की. सकाळी झाडलेला रस्ता दुपारी पुन्हा पिवळा. पाडव्यापर्यंत नवी तांबूस पालवी आणि मोहोर येतो, मग ओघ कमी होतो. म्हणजे सगळा भार पाच-सहा आठवड्यांचा, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत बारावीची बोर्डाची परीक्षा आमच्या केंद्रावर असते.

झाडलोट दोन मावश्या करत. दोघी कंत्राटावर. मोठ्या मावशी अकरा वर्षांपासून, धाकट्या तीन वर्षांपासून. साधनं म्हणजे नारळाच्या काड्यांचे खराटे, दोन टोपली आणि एक मोडकं घमेलं. उचललेला पाचोळा कॅन्टीनच्या मागे टाकायचा आणि अधूनमधून पेटवायचा, अशी वर्षानुवर्षांची रीत होती.

अडचण

त्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती येणार होती. जानेवारीच्या बैठकीत प्राचार्य म्हणाले, "आवारात एक पान दिसता कामा नये." त्यांची काळजी खरी होती. मूल्यांकनाआधी प्रत्येक महाविद्यालय या काळजीतून जातं. पण "एक पान दिसता कामा नये" हे वाक्य कुणी तपासून पाहिलं नाही. मीही नाही. पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच निघाल्या.

दुसरा प्रश्न जाळण्याचा होता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेतला कचरा ज्याचा त्याने आपल्याच आवारात वेगळा साठवावा असं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. शिवाय उसाचं पाचट जाळू नका, सरीत आच्छादन म्हणून ठेवा, असं शेतकऱ्यांना सांगायला आमचेच विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावोगाव जात. त्यांच्याच आवारातून धूर निघणं मला सहन होत नव्हतं.

तिसरी अडचण मावश्यांच्या अंगाची. मोठ्या मावशींची कंबर गेली होती. पानगळीच्या दिवसांत त्या सकाळी सातपासून वाकलेल्या असायच्या, आणि तरी साडेदहाला कुणीतरी येऊन म्हणायचंच, "मावशी, आज झाडलं नाही का?"

समोरचे पर्याय

बैठकीत पहिला पर्याय आला तो दोन महिन्यांसाठी आणखी दोन माणसं घेण्याचा. कार्यालयाचं म्हणणं, मंजुरी यायला मार्च उजाडेल. तो तिथेच मागे पडला.

दुसरा पर्याय पेट्रोलवर चालणारा, पाठीवर अडकवायचा ब्लोअर. किंमत पंधरा हजारांच्या आसपास. जिल्ह्याच्या ठिकाणचा दुकानदार दाखवायला घेऊन आला. गाड्यांच्या जागेत, गट्टूंवर, सकाळच्या कोरड्या हवेत त्याने पाच मिनिटांत बदामाची पानं एका कोपऱ्यात लोटली. सगळे बघत राहिले. अशा यंत्राच्या तोंडातून हवा ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगानं सुटते, त्यामुळे कोरड्या टणक जमिनीवर खराटा त्याच्या जवळपासही येत नाही, हे मान्यच करायला हवं.

बॅटरीचा ब्लोअर मी सुचवला होता. आवाज कमी, धूर नाही. पण पूर्ण जोरावर त्याची एक बॅटरी वीस मिनिटांच्या आत संपते. तीन-चार बॅटऱ्या घ्यायच्या तर किंमत पेट्रोलच्या यंत्राच्या पुढे जाते, आणि सकाळी वीज गेली की चार्जिंगचा प्रश्न. तो पर्याय मी स्वतःच मागे घेतला. आज वाटतं, घाई केली. आमचं गट्टूंचं क्षेत्र बॅटरीला पुरण्याइतकंच होतं.

पानांचा चुरा करणाऱ्या यंत्राचा विचार झाला, पण ते महाग. एका सहकाऱ्यानं घरची कडबा कुट्टी आणून बघितली. डहाळ्या तिनं कापल्या, सुटी पानं मात्र पात्याखालून जशीच्या तशी घसरली. ताट धरून पुढे सारायला बनवलेलं यंत्र ते, मूठभर लिंबाचा पाला त्याला धरताच येईना.

आणि एक पर्याय कुणी मांडलाच नाही: काही पानं उचलायचीच नाहीत.

कार्यालयाच्या टिपणीत शेवटी एक ओळ होती, "यंत्र आल्यास एका सफाई कामगाराची आवश्यकता राहणार नाही." ती वाचून मी अस्वस्थ झालो, पण त्या दिवशी बोललो नाही. ही ओळ मावश्यांपर्यंत दुसऱ्याच दिवशी पोचली.

काय केलं आणि काय झालं

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ब्लोअर आला. चालवायला शिपाईमामा तयार झाले. पहिले तीन दिवस गट्टूंवर काम छान झालं. चौथ्या दिवशी ते लिंबाच्या रांगेत शिरले आणि रस्त्याच्या कडेच्या मातीवर यंत्र चालवलं.

काळी माती पावसात चिकट असते, उन्हाळ्यात तिचा फुफाटा होतो. पानं उडायच्या आधी फुफाटाच उडाला. ग्रंथालयाच्या खिडक्या, उभ्या गाड्या, पाण्याची टाकी, सगळ्यावर काळसर थर. पहिल्या तासाला आलेली मुलं तोंडाला रुमाल बांधून वर्गात गेली. एका प्राध्यापिकेला दमा आहे, त्यांना घरी जावं लागलं. पानांचा काही भाग जमिनीच्या भेगांत जाऊन बसला, तो ना यंत्रानं निघाला ना खराट्यानं. लिंबाचं पान एकसंध पडत नाही हेही तेव्हा नीट दिसलं. पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी छोटी पानं, सुट्या होतात आणि मधली काडी वेगळी पडते. पर्णिका हवेनं पळतात, काड्या तिथेच राहतात.

मोठ्या मावशी बाजूला खराटा टेकवून उभ्या होत्या. मी विचारलं, कसं वाटतंय. त्या म्हणाल्या, "सर, ह्ये मशीन पानं पळवायलंय. उचलायचं तर आमालाच हाय की."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा हिशेब करायला मला आणखी तीन आठवडे लागले.

पुढच्या आठवड्यात बारावीची परीक्षा सुरू झाली. पेपर अकराला. मामा साडेदहाला झाडून उरकायचे, पण एक दिवस उशीर झाला आणि अकरा वाजून गेल्यावरही यंत्र चालू राहिलं. केंद्रसंचालक स्वतः धावत बाहेर आले. त्यांचा राग रास्त होता. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे शैक्षणिक संस्थेभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा असते. पेट्रोलच्या ब्लोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९० च्या पुढे सहज जातो. मामांना आम्ही कानाला लावायला काहीच दिलं नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्यावरही कानात घूं घूं होतं असं त्यांनी सांगितलं, तेही मी विचारल्यावर. परीक्षा संपेपर्यंत यंत्र सकाळी नऊनंतर लावायचं नाही असं ठरलं.

मग यंत्रच बंद पडलं. ते टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ठरलेल्या मापानं ऑइल मिसळावं लागतं. मामा रजेवर असताना दुसऱ्या एकाने मोटारसायकलीत टाकतात तसं नुसतं पेट्रोल भरलं. काही मिनिटांत इंजिन जाम. सुटा भाग यायला पंधरा दिवस लागणार होते. मिसळीचं माप यंत्रावर मराठीत लिहून चिकटवायला पाच मिनिटं लागली असती. ते काम माझं होतं, मी केलं नव्हतं.

दरम्यान लिंब पूर्ण जोरात झडत होता. मावश्यांनी पुन्हा खराटे उचलले, पण आधीच्या आठवड्यातला ढीग कॅन्टीनमागे चढत होता आणि नवा पाला ग्रंथालयाच्या भिंतीशी साठत होता. एका रात्री रखवालदारानं कॅन्टीनमागचा ढीग पेटवला. दरवर्षी पेटवतात, त्यानंही पेटवला. जाळायचं नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या करंजाचं खोड एका बाजूनं पोळलं. सकाळी धूर वसतिगृहाच्या खिडक्यांत भरला होता. ग्रंथालयाजवळच्या ढिगात दोन दिवसांनी घोणस निघाली. धाकट्या मावशी हातानं पाला टोपल्यात भरत होत्या. पिवळसर तपकिरी रंगावरचे गोल डाग त्यांना वेळेवर दिसले म्हणून त्या मागे सरल्या. सर्पमित्र येऊन ती घेऊन गेले.

त्या दिवशी मी संध्याकाळी घरी जाऊन जेवलो नाही. पानं दिसू नयेत म्हणून केलेल्या धावपळीत एका बाईचा जीव जाऊ शकला असता.

निर्णयाचा क्षण

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी वही आणि घड्याळ घेऊन लिंबाच्या रस्त्यावर उभा राहिलो. हे मी जानेवारीत करायला हवं होतं.

प्रवेशद्वारापासून मुख्य इमारतीपर्यंतचा तुकडा दोघी मावश्यांनी नेहमीसारखा झाडला. खराट्यानं झाडून ढीग करायला पन्नास मिनिटं लागली. टोपल्यात भरून, डोक्यावर घेऊन, कॅन्टीनमागे नेऊन रिकामं करायला सत्तर मिनिटं. फेऱ्या तीसच्या वर. कोरडा पाला वजनाला हलका, पण जागा फार खातो. टोपलं भरलं तरी त्यात दोन-तीन किलोच असतो. मावशी पाला वाहत नव्हत्या, हवा वाहत होत्या.

यंत्र पुढे दुरुस्त होऊन आलं तेव्हा तोच तुकडा पुन्हा मोजला. ब्लोअरनं पंधरा मिनिटं, कोपरे आणि काड्या खराट्यानं काढायला दहा. म्हणजे झाडणं पन्नासावरून पंचविसावर आलं. उचलणं मात्र सत्तरचं सत्तरच राहिलं. निम्म्याहून जास्त वेळ जिथे जात होता तिथे पंधरा हजारांचं यंत्र पोचतच नव्हतं. मोठ्या मावशी पहिल्याच आठवड्यात हेच म्हणाल्या होत्या.

मग मी त्यांना विचारलं, उचलणं सोपं कशानं होईल? धाकट्या मावशी लगेच म्हणाल्या, "कापूस येचल्यावर बाचकं बांधतोत की न्हाई सर, तसं करावं. एक जुनी ताडपत्री द्या." कार्यालयाच्या माळ्यावर फाटकी ताडपत्री होती. तिचे दोन तुकडे केले. ताडपत्री रस्त्याच्या कडेला पसरायची, खराट्यानं पाला थेट तिच्यावरच लोटायचा, चार कोपरे धरून दोघींनी ओढत न्यायचं. डोक्यावर काही घ्यायचं नाही. सत्तर मिनिटांचं काम तीसवर आलं. खर्च शून्य.

मोठ्या मावशींच्या मुलानं शेतातलं दाताळं आणून दिलं, खळ्यावर भुसकट ओढायला वापरतात ते. मातीवरची सागाची आणि बदामाची मोठी पानं त्यानं उभ्या उभ्या ओढता येतात, माती जागेवर राहते आणि ढिगात साप असला तर लांबूनच कळतो. खराट्यालाही मी बांबूचा लांब दांडा बांधून दिला. मोठ्या मावशींनी तो दोन दिवस वापरला आणि सोडवून टाकला. "दाब येत न्हाई," म्हणाल्या. धाकट्यांनी ठेवला. दोघींना एकच साधन बरं वाटेल असं धरून चालणं हीही माझीच चूक.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. ती मी वीस वर्षं रोज ओलांडून जात होतो. रांगेतल्या जुन्या लिंबांची मुळं वीतभर उघडी पडली आहेत. रोज सकाळी खराट्यानं पानांबरोबर थोडी थोडी माती निघत गेली आणि पावसानं उरलेली नेली. झाडाखाली पाला पडणं, कुजणं आणि मातीत परत जाणं हा त्या झाडाचा दाणापाणी आहे, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

नवी मांडणी

प्राचार्यांना मी वहीच नेऊन दाखवली. म्हणालो, "सर, सगळीकडे एकाच पद्धतीनं झाडणं सोडू या. जमीन बघून ठरवू या." त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि विचारलं, "आणि समितीला पानं दिसली तर?" मी म्हणालो, रस्त्यावर दिसणार नाहीत, झाडाखाली दिसतील, आणि ती का ठेवली आहेत ते मी सांगेन. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी सही केली. मूल्यांकनाच्या तोंडावर अशी सही करणं सोपं नसतं, म्हणून त्याची नोंद इथे करतो.

गट्टूंवर, म्हणजे मुख्य रस्ता आणि गाड्यांच्या जागेत, ब्लोअर ठेवला. कोरड्या सकाळी, नऊच्या आत, आणि मातीकडे तोंड न करता. मामांना कानाला लावायचं आवरण, चष्मा आणि धुळीचा मास्क. पेट्रोल-ऑइलचं माप यंत्रावर चिकटवलं. आमच्या जिल्ह्यात पेट्रोल राज्यातल्या महाग पेट्रोलांत मोडतं, तेव्हा मिनिटं मोजून वापरणं बरंच पडलं.

मातीच्या पायवाटा आणि वर्गांसमोरची जागा खराटा व दाताळ्याकडे. तिथे यंत्र न्यायचंच नाही. गुलमोहराखालचा भाग अवघड निघाला. त्याच्या पर्णिका इतक्या बारीक की दाताळ्याच्या दातांतून निसटतात, खराट्यानं काढाव्या तर अर्धी माती येते. तिथे फक्त मैदानाकडे जाणारी पट्टी झाडायची, उरलेलं सोडून द्यायचं, असं ठरलं.

लिंबांच्या आणि सागांच्या बुंध्यांभोवती विटांची आळी करून पाला आत राहू दिला. कडेचाही आत लोटला. यानंच सगळ्यात जास्त काम वाचलं, कारण रोजच्या पाल्याचा मोठा वाटा उचलावाच लागेना. दोन काळज्या घेतल्या. पाला खोडाला टेकू द्यायचा नाही, वीतभर अंतर ठेवायचं, नाहीतर वाळवी चढते. आणि रस्त्यालगतच्या आळ्यांत वर घमेलंभर माती टाकायची, कारण येणाजाणारा जळती बिडी कुठे टाकेल याचा भरवसा नाही.

उरलेल्या पाल्याचं खत करायचं होतं. इथे आमचा मराठवाडा आडवा आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत मला माहीत होती: भोकं ठेवून बांधलेलं विटांचं टाकं, त्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर, तीन-चार महिन्यांत खत. पण एक टाकं भरायला दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. मार्चमध्ये, बोअर आटायला लागलेलं असताना, कचऱ्यावर एवढं पाणी ओतायचं? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. प्राचार्यांनी नाही म्हटलं आणि ते बरोबर होतं.

तोडगा पुन्हा मावश्यांच्याच बोलण्यातून निघाला. गावात उकिरडा उन्हाळाभर नुसता साठवतात, कुजतो तो पावसात. आम्ही इमारतींपासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात जाळीचे तीन गोल पिंजरे उभे केले. कोरडा पाला त्यात तुडवून भरला, वर मातीचा थर आणि जुनी हिरवी जाळी. भोवती हातभर रुंदीची जागा गवत काढून मोकळी केली, आग सरकू नये म्हणून. पाणी घालायचंच नाही. मृग लागून दोन चांगले पाऊस झाले की उघडायचं आणि शेणकाल्याचे थर देत टाक्यात भरायचं.

आणि मावश्यांची गोष्ट. टिपणीतली ती ओळ परिसर समितीनं ठरावानं काढून टाकली. कारण साधं होतं आणि आता आकड्यात होतं: यंत्र पानं लोटतं, भरत नाही, नेत नाही, पिंजरा तुडवत नाही. दोघींना प्राचार्यांनी समोर बोलावून हे सांगितलं. धाकट्या मावशी म्हणाल्या, "आमाला वाटलं, मशीन आलं म्हंजी आमचं काम गेलं." त्या पाच आठवड्यांत त्यांच्या घरात काय बोलणं झालं असेल ते मी विचारलं नाही.

परिणाम

मार्चच्या मध्यात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. ओला पाला गट्टूंना चिकटून बसला, ब्लोअरनं हलेना. त्या दिवशी दाताळं आणि ताडपत्री यांनीच रस्ता मोकळा केला. एकाच साधनावर विसंबलो असतो तर समिती यायच्या आधीचे ते दिवस हातचे गेले असते.

समिती आली. रस्ते स्वच्छ होते. लिंबांखालच्या आळ्यांकडे बघून एका सदस्यांनी विचारलं, "इथली पानं राहून गेली का?" मी दोन वाक्यांत सांगितलं. ते उघड्या मुळांजवळ वाकून बघत राहिले आणि मग पिंजरे बघायला चला म्हणाले.

कामाच्या वेळेचं सांगायचं तर, आधी दोघींचा सकाळचा सगळा वेळ, कधी दुपारचाही, झाडण्यात जात होता. नव्या मांडणीत साडेनऊच्या आसपास दोघी मोकळ्या व्हायला लागल्या. यात ब्लोअरचा वाटा आहे, तो नाकारत नाही. लिंबाच्या रस्त्यावर ब्लोअर आणि ताडपत्री दोन्ही वापरले की तुकडा पंचावन्न मिनिटांत होतो, नुसता खराटा आणि ताडपत्री असेल तर ऐंशी मिनिटं. आधी एकशे वीस लागत. म्हणजे ताडपत्रीनं चाळीस मिनिटं वाचवली, यंत्रानं पंचवीस. ब्लोअर घ्यायलाच नको होता असं मी म्हणणार नाही. पण तो दुसऱ्या क्रमांकाचा उपाय होता आणि आम्ही तो सगळ्यात आधी केला.

पिंजऱ्यांपैकी दोनांचं खत दिवाळीच्या सुमारास तयार झालं, काळं, भुसभुशीत. तिसऱ्यात सागाची पानं जास्त होती, ती जाड आणि चिवट, निम्मी तशीच राहिली. ती पुन्हा पुढच्या थरात घातली. पाला घातलेल्या आळ्यांतल्या नव्या रोपांना उन्हाळ्यात एक दिवसाआड द्यावं लागणारं पाणी चार दिवसांनी दिलं तरी चाललं. रोपं सारखी नव्हती आणि सावलीही सारखी नव्हती, म्हणून हा पुरावा म्हणून मांडत नाही, जे दिसलं ते सांगतो. तीन आळ्यांत वाळवी लागली, तिथे पाला खोडाला टेकला होता. पोळलेला करंज जगला, पण त्या बाजूची फांदी वाळली.

वेगळं काय करता आलं असतं

यंत्राची चाचणी दुकानदारानं निवडलेल्या जागेवर नको होती. आपल्या आवारातली सगळ्यात वाईट जागा त्याला दाखवायची आणि म्हणायचं, इथे चालवून दाखवा. लिंबाखालच्या मातीवर दोन मिनिटं चालवलं असतं तर फुफाटा जानेवारीतच दिसला असता, खरेदीच्या आधी.

वेळ आधी मोजायला हवी होती, तीही टप्प्याटप्प्यानं. "झाडायला किती वेळ लागतो" असं विचारलं की सगळं एकात मिसळतं. गोळा करणं, भरणं, नेणं, रिकामं करणं यांची वेळ वेगवेगळी लिहिली की कुठे साधन लागतं ते आपोआप समोर येतं. एक सकाळ पुरते.

जाळायचं नाही हा निर्णय बैठकीत झाला होता, पण तो रखवालदारापर्यंत आणि मावश्यांपर्यंत गेलाच नाही. बैठकीच्या इतिवृत्तात लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. शिवाय जाळू नका म्हणताना पाल्यासाठी दुसरी जागा तयार हवी. पिंजरे फेब्रुवारीत उभे असते तर तो ढीग पेटलाच नसता.

घोणशीच्या प्रसंगानंतर आम्ही गमबूट आणि जाड हातमोजे घेतले, ढीग इमारतीजवळ रात्रभर ठेवायचा नाही आणि आधी दाताळ्यानं उसकटल्याशिवाय हात घालायचा नाही असा नियम केला. हे पानगळ सुरू होण्याआधीच व्हायला हवं होतं. आपल्या भागात पाल्यात घोणस असते, हे काही आम्हाला नवं नव्हतं.

मावश्यांना बैठकीला बोलावणं मला सुचलंच नाही, याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ताडपत्री, दाताळं, उन्हाळाभर साठवून पावसात कुजवणं, तिन्ही त्यांच्याकडून आलं. पंधरा हजारांचा निर्णय झाला त्या खोलीत बसलेल्या आमच्यापैकी एकानंही आयुष्यात टोपलंभर पाला उचलून नेलेला नव्हता. आता परिसर समितीच्या पानगळीच्या बैठकीत दोघी बसतात. गेल्या वर्षी धाकट्या मावशींनी पहिलाच मुद्दा काढला, खराटे महिन्याभरात झिजतात, सहा एकदम आणून ठेवा, मार्चमध्ये मागत बसायला नको. खराटे जानेवारीत आले.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. गुलमोहराखालच्या पर्णिका वळवाच्या पावसात वाहून मैदानाच्या गटारात बसतात, त्यासाठी गटाराच्या तोंडाला बारीक जाळी बसवून बघतो आहोत. आणि पेट्रोलचा ब्लोअर पुढे कधी बदलायचा झाला तर बॅटरीचा घ्यायचा की घ्यायचाच नाही, यावर मामांचं आणि माझं एकमत झालेलं नाही. त्यांना यंत्र हवं आहे, पण हलकं. पाठ त्यांचीही दुखते.